घरी कळणार नाही ना?

महिन्याभरापूर्वी आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर एक फोटो आला आणि पुढचे दोन दिवस दुसरा विषयच नव्हता. माझी मावसबहीण इंग्लंडमध्ये लेस्टरला असते, तिची मुलगी चौदा वर्षांची, तिच्या शाळेतून घरी एक पत्रक आलं होतं. दर गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत शाळेत नर्स बसणार, अपॉइंटमेंट नको काही नको, अंगाचं, मनाचं, मैत्रीचं, प्रेमाचं, गर्भनिरोधकांचं, काहीही विचारायचं असेल तर या, तुम्ही बोलाल ते आमच्यापाशीच राहील. बहिणीने फोटोखाली एवढंच लिहिलं होतं, "बघा इथे काय असतं." झालं. काकांनी लिहिलं की आईबापाला न विचारता पोरींच्या हातात गोळ्या देणारा समाज बुडायला वेळ लागत नाही. त्यावर पुण्याच्या आतेभावाने लिहिलं की म्हणूनच ते देश पुढे गेले, तिकडे सोळाव्या वर्षी मुलं स्वतंत्र असतात, आपण अजून संस्कारांवरच अडलोय. मग दोन तट पडले, कुणी लिंका टाकल्या, कुणी हात जोडल्याचे इमोजी, आणि एक मावशी ग्रुप सोडून गेल्या.

मी तो फोटो मोठा करून शेवटपर्यंत वाचला. तळाशी अजून एक वाक्य होतं, जरा बारीक अक्षरात: तू किंवा दुसरं कुणी धोक्यात आहे असं वाटलं तर आम्हाला इतरांना सांगावं लागेल, पण शक्यतो आधी तुला सांगून. दोन दिवसांच्या भांडणात या वाक्याबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. काका समजतात की ही सेवा म्हणजे पोरांना दिलेली परवानगी. आतेभाऊही तेच समजतो, फक्त त्याला ती परवानगी आवडते. माझ्या मते दोघंही चुकतायत. घाबरलेल्या पोराला कुठल्यातरी शहाण्या मोठ्या माणसापर्यंत पोचता यावं म्हणून करून ठेवलेली ती वाट आहे, आणि "घरी कळणार नाही ना?" या प्रश्नाला सरळ उत्तर मिळाल्याशिवाय त्या वाटेला कुणी फिरकत नाही. म्हणून माझं मत आधीच सांगून टाकते. तरुण मुलांसाठी अशी गोपनीय सेवा असायलाच हवी, सोळाच्या आतल्यांसाठीसुद्धा, आणि ती कशी असावी हे ठरवताना त्या पोरांना विचारायला हवं, नुसतं खुर्चीवर बसवून फोटो काढायला नाही तर खरंच विचारायला.

हा वाद इंग्लंडमध्ये चाळीस वर्षांपूर्वी कोर्टात लढला गेलाय, आणि आमच्या ग्रुपपेक्षा कितीतरी नीट लढला गेलाय. १९८० साली तिथल्या आरोग्य खात्याने डॉक्टरांना सूचना काढली की सोळाच्या आतली मुलगी आली तर आईवडिलांना सांगायला तिचं मन वळवायचा पुरेपूर प्रयत्न करा, पण ती तयारच नसेल तर अपवाद म्हणून त्यांना न कळवताही गर्भनिरोधक देता येईल. केंब्रिजशायरमधल्या विझबीच गावच्या व्हिक्टोरिया गिलिक या बाईंना हे मान्य नव्हतं. दहा मुलांची आई, त्यात पाच मुली. त्यांनी तिथल्या आरोग्य विभागाकडे लेखी हमी मागितली की माझ्या मुली सोळाच्या होईपर्यंत मला विचारल्याशिवाय त्यांना असलं काही देणार नाही. हमी मिळाली नाही, बाई कोर्टात गेल्या. १९८३ ला हरल्या. डिसेंबर १९८४ मध्ये अपील कोर्टाच्या तिन्ही न्यायाधीशांनी त्यांच्या बाजूने निकाल दिला. मग ऑक्टोबर १९८५ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने, तीन विरुद्ध दोन मतांनी तो फिरवला. म्हणजे सगळ्या पायऱ्या मिळून नऊ न्यायाधीशांनी हे प्रकरण ऐकलं आणि त्यातले पाच गिलिकबाईंच्या बाजूचे होते, तरी त्या हरल्या. हे मी मुद्दाम सांगतेय, कारण काकांचं म्हणणं म्हणजे अडाण्याची बडबड असं ज्यांना वाटतं त्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

आणि त्या बाजूचा मुद्दा खरंच वजनदार आहे. सोळाच्या आत संबंध ठेवणं कायद्याने गुन्हा आहे ना, मग सरकारी दवाखान्यातला डॉक्टर त्याची सोय कशी करून देतो? शाळेच्या सहलीला जायला आईची सही लागते आणि इथे लागत नाही? उद्या त्या गोळ्यांनी पोरीला उलट्या झाल्या, पाय सुजला, तर रात्री उशाशी कोण बसणार, तो डॉक्टर? विरोधात मत देणाऱ्या लॉर्ड टेम्पलमन यांनी तर स्पष्टच लिहिलं की सोळाखालच्या मुलीने सराव करावा अशा पुष्कळ गोष्टी आहेत, पण शरीरसंबंध त्यात येत नाहीत. मला स्वतःला मूल आहे, मी हे वाचून नुसती मान डोलावून पुढे जाऊ शकत नाही. मला कळायला हवं असं मलाही वाटतंच.

पण बहुमताच्या न्यायाधीशांनी प्रश्न वेगळ्या बाजूने धरला. ते म्हणाले आईबापाचा हक्क हा मुलावरचा मालकीहक्क नव्हे, तो मुलाच्या भल्यासाठी असतो, आणि मूल जसजसं जाणतं होतं तसतसा तो ओसरत जातो. आणि खरंच, सोळाव्या वाढदिवसाच्या आदल्या रात्री अजाण आणि सकाळी उठल्यावर जाणतं असं कुठलं पोर असतं? मग लॉर्ड फ्रेझर यांनी डॉक्टरने काय काय बघायचं ते सांगितलं. मुलीला सल्ला समजतोय का, आईवडिलांना सांगायला ती कशानेच तयार होत नाहीये का, गर्भनिरोधक दिलं नाही दिलं तरी ती संबंध ठेवणारच अशी चिन्हं आहेत का, दिलं नाही तर तिच्या शरीराला किंवा मनाला अपाय होईल का, आणि एकूण तिचं हित कशात आहे. आजही तिथे हे निकष फ्रेझरच्या नावानेच ओळखले जातात. यातली दुसरी अट नीट वाचा. आधी घरी सांगायला तयार करायचं, हे डॉक्टरचं काम आहे. आतेभाऊ म्हणतो तसं "तुझं आयुष्य, तू बघ" असं कुणी म्हणत नाहीये. आणि तेराच्या आतल्या मुलाच्या बाबतीत तर कायदा संमती मानतच नाही, तिथे गोष्ट पुढे कळवायचीच असते.

आता त्या मधल्या दहा महिन्यांकडे बघा, डिसेंबर १९८४ ते ऑक्टोबर १९८५, जेव्हा गिलिकबाई जिंकलेल्या होत्या. त्या काळात दवाखान्यात येणाऱ्या सोळाखालच्या मुलींची संख्या चांगलीच घसरली. इंग्लंडभरच्या पोरी एकाएकी बदलल्या असं मानायला काहीच आधार नाही. बदललं होतं ते इतकंच की आत गेलं तर घरी कळणार, हे त्यांच्या कानावर गेलं होतं. जी मुलगी आईला सांगू शकते तिला या सेवेची गरज कमी असते, ती आईचा हात धरून येईल. प्रश्न जिला सांगता येत नाही तिचा आहे, आणि आईला कळवायची सक्ती केली म्हणून ती आईशी बोलायला लागत नाही, ती कुणाशीच बोलत नाही. सक्तीचा नियम केल्याने आईला एकही जास्तीची गोष्ट कळत नाही, फक्त नर्सलाही कळेनाशी होते. गिलिकबाईंच्या मुद्द्याला माझं उत्तर हे आहे. आईला कळावं ही इच्छा बरोबर आहे, पण नियम तिला ते मिळवून देऊ शकत नाही.

२००६ साली मँचेस्टरच्या सू ॲक्सन या आईने गर्भपाताच्या बाबतीत हाच प्रश्न पुन्हा कोर्टात नेला होता आणि तेव्हाही निकाल हाच लागला, त्यावर फार लिहीत नाही.

"सोय केली की पोरं जास्त बिघडतात" हा दुसरा मुद्दा, याला मात्र आकडेच उत्तर देतात. इंग्लंडमध्ये १९९८ साली १५ ते १७ वयाच्या दर १,००० मुलींमागे साधारण ४७ जणींना दिवस जात होते, पश्चिम युरोपात तेव्हा हा देश या बाबतीत बदनाम होता. १९९९ मध्ये सरकारने दहा वर्षांची योजना आखली, शाळेतलं शिक्षण, पोरांना जाता येईल असे दवाखाने, आणि ज्या पोरी आधीच आई झाल्यात त्यांना शिक्षणात परत आणणं, असं सगळं एकत्र. २०१० पर्यंत आकडा निम्मा करायचा होता, तेवढं जमलं नाही, पण २०१४ पर्यंत तो निम्म्यावर आला आणि २०१८ ला १७ च्या आसपास होता. हे सगळं दवाखान्यांमुळेच झालं असं मी म्हणणार नाही, मुली जास्त शिकायला लागल्या, दारू कमी झाली, पोरं संध्याकाळी बाहेर भटकायच्या ऐवजी फोनवर बसायला लागली, कारणं बरीच आहेत. पण सोय केली की बिघडतात हे जर खरं असतं तर वीस वर्षं सोय करून आकडा वर जायला हवा होता ना? तो एक तृतीयांशावर आला. उलटी गोष्टही सांगायला हवी. २०१३ पासून हे दवाखाने स्थानिक कौन्सिलांच्या ताब्यात गेले, आणि पुढे त्यांच्या अनुदानाला मोठी कात्री लागली, कुठे वेळ कमी झाली, कुठे केंद्र बंद. २०२३ साली इंग्लंडमध्ये गनोरिया या शरीरसंबंधांतून पसरणाऱ्या रोगाच्या ८५,००० हून जास्त केसेस सापडल्या, १९१८ पासून नोंदी ठेवतात त्यात सगळ्यात जास्त. याचंही कारण एकच नसेल, पण मागणी वाढत असताना दार अर्धं लोटून घ्यायचं आणि मग पोरं बिघडली म्हणायचं हे मला पटत नाही.

तिसरा मुद्दा सगळ्यात जड आहे आणि त्यावर मी सगळ्यात जास्त विचार केलाय. गोपनीयतेच्या आडोशाने अत्याचार लपतो, हा तो मुद्दा. रॉचडेल नावाचं मँचेस्टरजवळचं गाव, तिथे कितीतरी वर्षं पुरुषांची टोळकी तेरा-चौदा-पंधरा वर्षांच्या पोरींना दारू, खाणं, भेटवस्तू देऊन जाळ्यात ओढत होती. २०१२ मध्ये नऊ जणांना शिक्षा झाली. नंतरच्या चौकशीत निघालं की मुली सरकारी माणसांच्या नजरेसमोरच होत्या, पण तिचा "बॉयफ्रेंड" आहे, तिची "निवड" आहे, असं म्हणून मोठ्या माणसांनी मान फिरवली होती. चौदा वर्षांच्या पोरीची निवड! जे लोक म्हणतात की पोरीने गोळ्या मागितल्या, तुम्ही दिल्या, आणि तिला इथवर कोण घेऊन आलं हे विचारलंच नाही, त्यांचा राग शंभर टक्के खरा आहे. नुसतं निकषांच्या कागदावर खुणा करून गोळ्या हातात ठेवणं ही सेवा नाहीच.

पण त्याच रॉचडेलमध्ये हे सगळं कुणी बाहेर काढलं ते बघा. सारा रोबोथम. ही बाई पोलीस नव्हती, वकील नव्हती. सरकारी आरोग्यसेवेत तरुणांच्या लैंगिक आरोग्यासाठी काम करणाऱ्या छोट्याशा टीमची ती प्रमुख होती. पोरी तिच्याकडे कंडोमसाठी यायच्या, प्रेग्नन्सी टेस्टला यायच्या, नुसत्या बसायला यायच्या, आणि बसल्या की हळूहळू बोलायच्या. २००५ पासून पुढच्या काही वर्षांत तिने पोलिसांना आणि समाजकल्याण खात्याला शंभराहून जास्त वेळा लेखी कळवलं की इथे काहीतरी भयंकर चाललंय. ऐकलं गेलं नाही. नंतर तिने संसदेच्या समितीसमोर जाऊन हे सांगितलं. म्हणजे गोपनीयतेने अत्याचार लपवला नाही, गोपनीय सेवेतच तो पहिल्यांदा दिसला, तो लपवला बाकीच्या खात्यांनी. ती टीम नसती, आणि दारावर "इथे येणाऱ्याच्या घरी कळवलं जाईल" अशी पाटी असती, तर त्या पोरी कुठे बसल्या असत्या? ज्यांच्या गाडीत बसत होत्या तिथेच. पत्रकाच्या तळाचं ते वाक्य यासाठी असतं. २०१४ पासून तिथल्या दवाखान्यांना प्रश्नांची यादीच मिळालीय, जोडीदाराचं वय काय, ओळख कुठे झाली, तो काही देतो का, तुला नको असताना काही करायला लावलं का, कुठे घेऊन गेला होता का. हे प्रश्न विचारायला पोरगी आधी समोरच्या खुर्चीत यावी लागते.

बरं, ही सेवा तिकडेही कुणी ताटात वाढून दिलेली नव्हती. १९६१ मध्ये इंग्लंडमध्ये गर्भनिरोधक गोळी आली तेव्हा ती लग्न झालेल्या बायकांसाठी होती, कुटुंबनियोजनाच्या दवाखान्यात लग्न झालंय का ते विचारायचे. हेलन ब्रुक या बाईंनी १९६४ मध्ये लंडनला अविवाहित तरुणांसाठी वेगळं केंद्र काढलं तेव्हा त्यांच्यावरही हेच सगळे आरोप झाले. आणि शाळेतल्या शिक्षणाचं म्हणाल तर तिथे पोरांनीच आवाज उठवला. यूके युथ पार्लमेंट म्हणून मुलांनीच निवडून दिलेल्या मुलांची सभा आहे, ११ ते १८ वयाची, त्यांनी २००७ मध्ये २०,००० हून जास्त मुलांकडून प्रश्नावली भरून घेतली. ४० टक्के मुलांनी सांगितलं की आम्हाला शाळेत याबद्दल जे शिकवतात ते वाईट किंवा फारच वाईट आहे. निम्म्याहून जास्त मुलांना जवळचा दवाखाना कुठे आहे हेही कुणी सांगितलेलं नव्हतं. म्हणजे पोरं "आम्हाला मोकळं सोडा" म्हणत नव्हती, "आम्हाला नीट शिकवा" म्हणत होती! तेरा वर्षं लागली, २०२० च्या सप्टेंबरपासून इंग्लंडच्या माध्यमिक शाळांत नातेसंबंध आणि लैंगिक शिक्षण सक्तीचं झालं, आणि त्यातही लैंगिक शिक्षणाच्या भागातून मुलाला काढून घ्यायचा हक्क ठराविक वयापर्यंत आईबापाकडे ठेवलाय. दवाखाना पोरांना जाण्यासारखा आहे का हे बघायला काही ठिकाणी पोरांनाच साधं गिऱ्हाईक म्हणून पाठवतात. मोठ्यांना ज्या गोष्टी सुचतच नाहीत त्या ती सांगतात. शाळा सुटायच्या आत दवाखाना बंद होतो. रिसेप्शनवरची बाई सगळ्यांसमोर मोठ्याने विचारते की कशासाठी आलायस.

इथे आपल्याकडचे लोक म्हणतात की पोरांना काय कळतं, त्यांच्या तोंडून मोठ्या संस्थाच बोलतात. असं होतं, नाही असं नाही. परिषदेत एक तरुण चेहरा हवा म्हणून कुणालातरी स्टेजवर बसवतात, दोन वाक्यं बोलू देतात, प्रशस्तिपत्र देतात, मला त्याची चीड आहे. पण आयर्लंडच्या विद्यार्थ्यांचं उदाहरण घ्या. तिथे १९८३ मध्ये गर्भपातबंदी थेट राज्यघटनेत घातली. १९८९ मध्ये डब्लिनच्या कॉलेजांच्या विद्यार्थी संघटनांनी नव्या विद्यार्थ्यांना द्यायच्या माहितीपुस्तिकेत इंग्लंडमधल्या दवाखान्यांचे पत्ते आणि फोन नंबर छापले. गर्भपात केला नाही, करा असं सांगितलं नाही, पत्ता छापला. त्याबद्दल एका गर्भपातविरोधी संघटनेने विद्यार्थी नेत्यांना कोर्टात खेचलं, प्रकरण थेट युरोपच्या न्यायालयापर्यंत गेलं. त्यांची वकील होती मेरी रॉबिन्सन, जी १९९० मध्ये त्याच देशाची राष्ट्राध्यक्ष झाली. १९९२ मध्ये एका चौदा वर्षांच्या अत्याचारित मुलीला सरकार इंग्लंडला जाऊ देईना, सगळा देश हादरला, आणि त्याच वर्षी जनमत घेऊन माहिती मिळवण्याचा आणि परदेशी जाण्याचा हक्क घटनेत आला. विशीतल्या पोरांनी तुरुंगाची आणि दिवाळखोरीची भीती अंगावर घेऊन एक पत्ता छापला होता. त्यांच्या तोंडून कोण बोलत होतं? त्याच आयर्लंडमध्ये २०१२ ला बेळगावची सविता हालप्पनवार दवाखान्यात गेली, तिचा गर्भ वाचणार नव्हता हे डॉक्टरांना माहीत होतं तरी कायद्याकडे बघत थांबले आणि सेप्सिसने, म्हणजे अंगभर पसरलेल्या जंतुसंसर्गाने, ती गेली. तिचा फोटो हातात घेऊन जे रस्त्यावर उतरले त्यात तरुणच तरुण होते, २०१८ च्या मतदानाला परदेशात असलेली पोरं विमानं पकडून घरी आली, आणि ६६.४ टक्के लोकांनी ती बंदी उठवली.

आणि हे सगळं "तिकडचं" म्हणून बाजूला सारायला आपल्याला तोंड नाही. मेरी स्टोप्सने लंडनला संततिनियमनाचा दवाखाना काढला १९२१ मध्ये, आणि र. धों. कर्व्यांनी मुंबईत केंद्र काढलं तेही १९२१ मध्येच. कर्व्यांची विल्सन कॉलेजातली नोकरी गेली. १९२७ पासून ते 'समाजस्वास्थ्य' चालवत होते, त्यात वाचक पत्रातून प्रश्न विचारायचे, जे घरी विचारता येत नव्हते ते, आणि कर्वे उत्तरं द्यायचे, त्या उत्तरांवरूनच अश्लीलतेचा खटला झाला. १९३४ मध्ये त्यांच्या बाजूने कोर्टात उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. खटला हरले, दंड झाला. कर्वे ऑक्टोबर १९५३ मध्ये वारले, तोपर्यंत अंक काढत राहिले. नाव न सांगता पत्र टाकायचं आणि जाणत्या माणसाकडून उत्तर मिळवायचं, लेस्टरची नर्स गुरुवारी यापेक्षा वेगळं काय करते?

त्यानंतर आपण किती पुढे आलो? २००७ मध्ये महाराष्ट्राने शाळांतलं लैंगिक शिक्षण गदारोळानंतर थांबवलं. २०१२ च्या पोक्सो कायद्याने संमतीचं वय सोळावरून अठरा झालं, आणि कुणालाही असं काही कळलं तर पोलिसांना कळवणं सक्तीचं झालं, डॉक्टरलासुद्धा. हेतू चांगला आहे, लहान मुलांवरचे अत्याचार दडपले जातात हे खरंच आहे. पण सतरा वर्षांची मुलगी सतरा-अठराच्या मित्रापासून गरोदर राहिली तर ती डॉक्टरकडे जाणार का, जेव्हा तिला माहितीय की तिथून थेट पोलीस स्टेशन? सुप्रीम कोर्टाने २९ सप्टेंबर २०२२ ला निदान एवढं म्हटलं की गर्भपातासाठी आलेल्या अल्पवयीन मुलीने आणि तिच्या पालकाने विनंती केली तर डॉक्टरने पोलिसांना कळवताना तिचं नाव उघड करायची गरज नाही. पण बघा, पालक तिथेही हवाच. जिचा पालकच तिला मारणार आहे तिने काय करायचं? जिथे पालकच अत्याचार करणारा आहे तिथे? सरकारी दवाखान्यांत किशोरवयीन मुलांसाठी मैत्री क्लिनिक आहेत, नाव किती छान आहे, पण तिथपर्यंत पोचायला आधी केसपेपर काढावा लागतो आणि खिडकीतून ओरडून विचारतात, काय होतंय?

आमचं कराडला मेडिकल होतं. बाबा काउंटरवर, सुट्टीत मी स्ट्रिपा लावायला. संध्याकाळी एखादा पोरगा बाहेर गाडीला टेकून गिऱ्हाईक कमी व्हायची वाट बघायचा, मग आत येऊन आधी एक क्रोसिन मागायचा, मी मागच्या खोलीत गेले की मगच बाबांशी हळू बोलायचा. बाबा पेपरात गुंडाळून, वर काळी पिशवी घालून द्यायचे. मुली यायच्याच नाहीत. एकदाच एक आली, ओढणीने तोंड बांधलेलं, कॉलेजची असेल, तिने चिठ्ठी पुढे केली, त्यावर गर्भ पाडायच्या गोळ्यांचं नाव लिहिलेलं. बाबा तिला ओरडले नाहीत. "बाळा, हे असं देता येत नाही, डॉक्टरांकडून लिहून आण," एवढंच म्हणाले, आणि ते कायद्याने बरोबरच होतं. ती "हो काका" म्हणाली. आमच्या गावातल्या कुठल्या डॉक्टरकडे ती जाणार होती, जो तिच्या वडिलांना ओळखत नव्हता? बाबा त्या रात्री नीट जेवले नाहीत. ती पुढे कुठे गेली, कुणाकडे गेली, तिचं काय झालं, आम्हाला कधीच कळलं नाही.

परवा बहिणीला फोन केला तेव्हा ती जरा शांत झाली होती. म्हणाली, ग्रुपवर टाकायलाच नको होतं, पण त्या निमित्ताने लेकीला विचारलं तरी, तू जातेस का गं त्या नर्सकडे? ती म्हणाली, मी नाही, पण माझी मैत्रीण जाते, तिची पाळी इतकी दुखते की वर्गात बसवत नाही, घरी सांगितलं तर सगळ्यांचंच दुखतं म्हणतात, नर्सने तिला डॉक्टरकडे पाठवलं. बहीण म्हणाली, मग मी विचारलं, तुझं दुखतं का?

"हो," ती म्हणाली, "दोन वर्षं झाली."